जोना लोमूची कारकीर्द मोजायची कशी?

अंधेरीचा प्रेक्षक

नमस्कार. २०२५ च्या जूनमध्ये अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीगचे सामने पाहिले आणि या खेळाची गोडी लागली. ते सामने सात-सात खेळाडूंचे होते. पुढे पंधरा-पंधरा खेळाडूंच्या रग्बी युनियनचे जुने सामने पाहू लागलो, त्याविषयी मिळेल ते वाचू लागलो, आणि कुठूनही सुरुवात केली तरी चर्चा न्यूझीलंडच्या जोना लोमूपाशी येऊन थांबते, असे लक्षात आले.

माझी अडचण अशी आहे. लोमू न्यूझीलंडकडून, म्हणजेच ऑल ब्लॅक्सकडून, १९९४ ते २००२ या काळात ६३ कसोटी सामने (रग्बीत देशादेशांमधल्या सामन्यांना असे म्हणतात) खेळला आणि त्यांत त्याने ३७ ट्राय केले, म्हणजे तितक्या वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवला. त्याच्याच देशाच्या डग हाउलेटने ६२ कसोटींत ४९, ख्रिश्चन कलनने ५८ कसोटींत ४६ आणि जेफ विल्सनने ६० कसोटींत ४४ ट्राय केले आहेत. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध लोमूला कसोटीत एकही ट्राय करता आला नाही. विश्वचषक त्याला कधीच जिंकता आला नाही, आणि शेवटची कसोटी खेळला तेव्हा तो अवघा २७ वर्षांचा होता. इतके सगळे उणे असताना रग्बीतला सर्वांत मोठा खेळाडू म्हणून त्याचेच नाव पुढे का येते? १९९५ साली केपटाउनला इंग्लंडविरुद्ध केलेल्या चार ट्रायवर ही सारी कीर्ती उभी आहे, की व्यावसायिक रग्बीपटूची कारकीर्द जोखताना जाणकार वेगळेच काही पाहतात? मला क्रिकेटच्या सरासरीची सवय आहे, म्हणून हा प्रश्न मनापासून विचारतो आहे.


सह्यकडा

आपण दिलेले आकडे बरोबर आहेत. मात्र त्यांत विश्वचषकाचा हिशेब आलेला नाही, आणि लोमूच्या बाबतीत तोच आधी पाहायला हवा. लोमू दोन विश्वचषकांत मिळून ११ सामने खेळला आणि त्यांत त्याने १५ ट्राय केले: १९९५ मध्ये ७ आणि १९९९ मध्ये ८. दक्षिण आफ्रिकेच्या ब्रायन हबानाने १५ च्या आकड्याशी बरोबरी केली, पण त्यासाठी त्याला २००७, २०११ आणि २०१५ असे तीन विश्वचषक खेळावे लागले. एका स्पर्धेतील ८ ट्रायची बरोबरी हबानाने २००७ मध्ये, जुलियन सवेआने २०१५ मध्ये आणि विल जॉर्डनने २०२३ मध्ये केली. ओलांडला मात्र तो आकडा कोणीच नाही. प्रत्येक संघ वर्षानुवर्षे तयारी करून ज्या स्पर्धेत उतरतो, तिथे लोमूने हे केले आहे, हे विसरून सरासरी काढली तर ती दिशाभूल करणारी ठरते.

आता केपटाउनविषयी. १८ जून १९९५, न्यूलँड्सचे मैदान, उपांत्य सामना सुरू होऊन जेमतेम दोन मिनिटे झालेली. ग्रॅम बाशपने डाव्या बाजूला लांब पास फेकला आणि तो लोमूच्या मागे पडला. खरे तर हल्ला तिथेच फसायला हवा होता, कारण वळून चेंडू उचलेपर्यंत विंगरचा, म्हणजे मैदानाच्या कडेने धावणाऱ्या खेळाडूचा, वेग संपलेला असतो. लोमूने चेंडू उचलला, बाहेरच्या बाजूने टोनी अंडरवुडला मागे टाकले. पाठीमागून झेपावलेल्या विल कार्लिंगचा हात त्याच्या पायाला लागला आणि तो अडखळला. समोर फुलबॅक, म्हणजे सर्वांत मागे उभा राहणारा खेळाडू, माइक कॅट एकटा उरला होता. तोल जात असतानाच, पुढे झुकलेल्या अवस्थेत, लोमू सरळ त्याच्या अंगावरून गेला आणि त्याने ट्राय केला. सामना न्यूझीलंडने ४५-२९ असा जिंकला. तोवर विंगर म्हणजे हुलकावणी देणारा, सडपातळ, पळपुटा म्हणावा इतका चपळ गडी, अशीच समजूत होती. १.९६ मीटर उंचीचा, सुमारे ११८ किलो वजनाचा आणि शंभर मीटर ११ सेकंदांच्या आत पळणारा माणूस त्या जागी उभा राहू शकतो, हे जगाने त्या दिवशी पाहिले, आणि नंतरच्या पिढ्यांतले विंगर निवडण्याची पद्धतच बदलून गेली.

आपण 'व्यावसायिक' हा शब्द वापरला आहे, म्हणून आणखी एक गोष्ट सांगणे मला अत्यावश्यक वाटते. १९९५ च्या विश्वचषकापर्यंत रग्बी युनियन अधिकृतपणे हौशी खेळ होता आणि खेळण्याबद्दल पैसे घेण्यास मनाई होती. त्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी, २३ जूनला, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया यांच्या संघटनांनी रुपर्ट मरडॉक यांच्या न्यूज कॉर्पोरेशनशी दहा वर्षांचा, सुमारे ५५ कोटी अमेरिकी डॉलरचा प्रक्षेपण करार जाहीर केला. त्याच वेळी केरी पॅकर यांच्या पाठबळावर एक बंडखोर स्पर्धा उभी राहू पाहत होती आणि अनेक देशांतले आघाडीचे खेळाडू तिकडे झुकले होते. अखेरीस ऑगस्टमध्ये पॅरिसच्या बैठकीत आंतरराष्ट्रीय रग्बी मंडळाने हौशीपणाची अट उठवली आणि १९९६ पासून या तीन देशांतल्या संघांची सुपर १२ स्पर्धा सुरू झाली. हे सारे एकट्या लोमूमुळे झाले, असे मी म्हणणार नाही, कारण पैशाची ओढाताण बरीच आधीपासून चालू होती. परंतु दूरचित्रवाणीला विकण्याजोगा एक चेहरा नेमका त्याच महिन्यात मिळाला, ज्यांनी रग्बीचे नावही ऐकले नव्हते अशा घरांत तो पोहोचला, आणि या खेळाचा पहिला खऱ्या अर्थाने जागतिक तारा तो ठरला. ट्रायच्या यादीत हे कुठेच दिसत नाही.


डावी बगल

मी मुंबईत क्लब पातळीवर बरीच वर्षे विंगर म्हणून खेळलो आहे, त्यामुळे या चर्चेत मैदानावरच्या बाजूने थोडी भर घालतो. सह्यकडा यांच्या बहुतेक म्हणण्याशी मी सहमत आहे. मात्र लोमूला अडवणे अशक्यच होते, ही जी दंतकथा पसरली आहे, तिने त्याचा खरा मोठेपणा झाकला जातो, असे माझे स्पष्ट मत आहे.

लोमू मुळात विंगर नव्हता. वेस्ली कॉलेज या शाळेत तो फॉरवर्ड म्हणून, म्हणजे पुढच्या आठ खेळाडूंपैकी एक म्हणून, स्क्रमच्या (चेंडूसाठी दोन्ही संघांचे फॉरवर्ड एकमेकांना भिडून रेटतात त्या रचनेच्या) मागच्या फळीत खेळत असे. विंगर म्हणून २६ जून १९९४ रोजी ख्राइस्टचर्चला फ्रान्सविरुद्ध तो पहिली कसोटी खेळला, तेव्हा तो १९ वर्षे ४५ दिवसांचा होता आणि तोपर्यंतचा सर्वांत तरुण ऑल ब्लॅक कसोटीपटू ठरला. न्यूझीलंड ती कसोटी हरले, आठवड्याने ऑकलंडची दुसरीही हरले, आणि लोमूच्या उणिवा फ्रेंच खेळाडूंनी उघड्या पाडल्या. विंगरला मागे पडणाऱ्या किकवर नजर ठेवून कधी मागे सरकायचे आणि कधी पुढे चढायचे, हे क्षणाक्षणाला ठरवावे लागते. फॉरवर्ड म्हणून वाढलेल्या मुलाला ती समज एका हंगामात येत नाही. इतका धिप्पाड खेळाडू मागे वळताना वेळ घेतो, हेही सर्वांच्या ध्यानात आले. पुढच्या वर्षीच्या सराव शिबिरांत दमसासाच्या चाचण्यांतही तो मागे पडत होता आणि विश्वचषकाच्या संघातले त्याचे स्थान बराच काळ निश्चित नव्हते.

१९९५ च्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेने त्याला कसे रोखले, ते नव्या प्रेक्षकांनी अवश्य पाहावे. त्याच्यापर्यंत चेंडू वेळेत आणि मोकळ्या जागेत पोहोचूच द्यायचा नाही, आणि पोहोचलाच तर पहिल्याने पाय धरायचे, दुसऱ्या-तिसऱ्याने वरून कोसळायचे, हा त्यांचा बेत होता. योस्ट फान डर वेस्टहाउझेनसारख्या स्क्रमहाफने, म्हणजे स्क्रममधून चेंडू बाहेर काढणाऱ्या खेळाडूने, जो लोमूपेक्षा कितीतरी हलका होता, त्याला खाली पाडले. त्या सामन्यात कोणत्याच संघाने ट्राय केला नाही. जोएल स्ट्रान्स्कीने आफ्रिकेचे सर्व १५ आणि अँड्र्यू मेहर्टन्सने न्यूझीलंडचे सर्व १२ गुण किकने मिळवले. अंतिम सामन्याआधी न्यूझीलंडचे बरेच खेळाडू पोटाच्या विकाराने आजारी पडले होते, हेही लक्षात ठेवावे लागेल.

परंतु खरी मेख अशी आहे की, एका माणसावर तीन माणसे खर्च झाली की उरलेल्या मैदानात कुठेतरी दोन माणसांची जागा रिकामी होते. कबड्डीत नावाजलेला चढाईपटू आला की सारी साखळी त्याच्याकडे सरकते, तसेच हे आहे. लोमू चेंडूशिवाय नुसता डावीकडून आत धावला तरी बचाव फळी त्याच्या दिशेने कलायची आणि कलन किंवा विल्सन यांना दुसऱ्या बाजूला मोकळीक मिळायची. आपण ज्या दोघांचे आकडे त्याच्यापेक्षा सरस म्हणून दिले आहेत, त्यांच्या काही ट्रायमागे लोमूच्या नुसत्या असण्याचा हात आहे. रग्बीच्या नोंदवहीत याचा रकाना नसतो, म्हणून विंगरची तुलना केवळ ट्रायवरून करणे मला पटत नाही. शिवाय १९९९ च्या न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका यांच्या तिरंगी स्पर्धेत तो बव्हंशी राखीव म्हणून उतरवला गेला. तेव्हा ६३ कसोटी म्हणजे ६३ पूर्ण सामने, असेही धरू नये.

दक्षिण आफ्रिकेविरुद्धची उणीव मात्र मी झाकणार नाही. १९९९ मधला तिसऱ्या क्रमांकाचा सामनाही न्यूझीलंड त्यांच्याकडून २२-१८ असे हरले. ज्या संघाने त्याचा सर्वांत बारकाईने अभ्यास केला, त्या संघासमोर तो बांधला गेला. तरीही १९९९ च्या उपांत्य सामन्यात फ्रान्सविरुद्ध त्याने केलेले दोन ट्राय पाहिले, तर चार वर्षांच्या अभ्यासानंतरही बाकीच्या जगाकडे त्याचे पुरते उत्तर नव्हते, हे दिसते. न्यूझीलंड २४-१० असे पुढे असूनही तो सामना ४३-३१ असा हरले, त्याचे खापर लोमूवर फोडता येत नाही.


शुश्रूषा

मी एका डायलिसिस विभागात परिचारिका आहे. रग्बीतले मला तुमच्याइतके कळत नाही, पण लोमूच्या कारकिर्दीचे मोजमाप त्याच्या किडनीचा विचार न करता होऊच शकत नाही, असे मला तीव्रतेने वाटते.

१९९५ च्या विश्वचषकानंतर फार काळ न लोटता त्याला नेफ्रोटिक सिंड्रोम असल्याचे निदान झाले आणि १९९७ या वर्षाचा मोठा भाग उपचारांत गेला. या आजारात मूत्रपिंडातील गाळणी सच्छिद्र होते आणि रक्तातले प्रथिन, मुख्यतः अल्ब्युमिन, लघवीवाटे वाहून जाते. अल्ब्युमिन कमी झाले की पाणी रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपते. सकाळी डोळ्यांभोवती आणि संध्याकाळी घोट्यांवर सूज येते, बोट दाबले तर खड्डा राहतो. रक्तात गाठी होण्याचा आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. उपचारासाठी स्टिरॉइडच्या मोठ्या मात्रा द्याव्या लागतात, आणि त्या दीर्घकाळ घेतल्यास मांड्यांचे व दंडांचे स्नायूच अशक्त होतात. ज्याचे सारे सामर्थ्य मांड्यांत आहे, अशा खेळाडूला यापेक्षा क्रूर औषध कोणते असेल? आमच्याकडे येणारे तरुण रुग्ण जिना चढतानाच थांबतात, दोन वाक्ये बोलून दम खातात. लोमू ही व्याधी अंगावर घेऊन १९९७ च्या अखेरीस ब्रिटनच्या दौऱ्यावर परतला, १९९८ मध्ये क्वालालंपूरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सातजणांच्या रग्बीचे सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघात होता, आणि १९९९ मध्ये त्याने विश्वचषकातले ते आठ ट्राय केले.

२३ नोव्हेंबर २००२ रोजी कार्डिफला वेल्सविरुद्धची कसोटी ही त्याची शेवटची ठरली. २००३ मध्ये तो आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेऊ लागला होता. यंत्रावरचे चार तास सर्वांना दिसतात. त्यानंतरचा गळाठा, पायांत येणारे गोळे आणि पाणी मोजून पिण्याची शिस्त घरच्यांनाच माहीत असते. त्याच्या पायांच्या मज्जातंतूंना इजा होऊन चालणेही अवघड झाले होते. जुलै २००४ मध्ये ग्रँट केरेआमा या वेलिंग्टनच्या रेडिओ निवेदकाने त्याला आपली एक किडनी दिली. प्रत्यारोपणानंतर शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे कायमची घ्यावी लागतात, आणि पोटावर मार बसेल असे खेळ टाळण्याचा सल्ला दिला जातो. लोमू पुढच्याच वर्षी रग्बीच्या मैदानावर उतरला. माझ्या एखाद्या रुग्णाने असे केले असते तर मी त्याला नक्कीच अडवले असते. तरी त्याला जे करावेसे वाटले, ते मला समजते.

तेव्हा २७ व्या वर्षी कारकीर्द संपली, ही उणीव म्हणून मांडणे मला अन्यायाचे वाटते. निदानानंतर तो सहा-सात वर्षे त्या पातळीवर खेळत राहिला, याची नोंद आधी व्हायला हवी.


अंधेरीचा प्रेक्षक

आपणा तिघांचेही मनःपूर्वक आभार. ताईंचे उत्तर वाचल्यावर आकड्यांकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली आहे. दोन गोष्टी अजून जाणून घ्यायच्या आहेत. प्रत्यारोपणानंतर तो खेळला, त्याचे पुढे काय झाले? आणि पहिल्या व्यावसायिक पिढीतला सर्वांत प्रसिद्ध खेळाडू या नात्याने त्याचे आर्थिक आयुष्य सुरक्षित झाले का? केपटाउनखेरीज पाहण्याजोगा एखादा सामनाही सुचवावा.


ऑकलंडकर

मूळचा साताऱ्याचा, आता अनेक वर्षे ऑकलंडला राहतो. दक्षिण ऑकलंडच्या ज्या मांगेरे भागात लोमू वाढला, तिथे टोंगा आणि सामोआ बेटांवरून आलेल्या कुटुंबांची मोठी वस्ती आहे. त्याचे आईवडील टोंगन होते आणि बालपणाची काही वर्षे तो टोंगातच नातेवाइकांकडे होता. मांगेरेतल्या टोळ्यांच्या मारामाऱ्यांपासून दूर राहावा म्हणून आईने त्याला वेस्ली कॉलेजच्या वसतिगृहात ठेवले, हा त्याच्या कारकिर्दीचा खरा आरंभ मानावा लागेल. इथल्या पॅसिफिक घरांमध्ये त्याच्याविषयी जो जिव्हाळा आहे, त्याचा ट्रायच्या संख्येशी काही संबंध नाही. आपल्यासारख्या मुलाला साऱ्या देशाने डोक्यावर घेतलेले त्या लोकांनी पाहिले, आणि आज ऑल ब्लॅक्सच्या संघात पॅसिफिक वंशाचे खेळाडू मोठ्या संख्येने दिसतात, त्यामागे ते पाहणेही आहे, असे मला इथे राहून वाटते.

पुनरागमनाविषयी सांगायचे तर, जून २००५ मध्ये लंडनच्या ट्विकनम मैदानावर इंग्लंडचा माजी कर्णधार मार्टिन जॉन्सन याच्या गौरव सामन्यात लोमू उतरला, त्याने ट्राय केला आणि त्याच सामन्यात त्याच्या खांद्याला दुखापत झाली. वर्षाच्या अखेरीस तो वेल्समधल्या कार्डिफ ब्लूज संघाकडून खेळू लागला; तिथे एप्रिल २००६ मध्ये घोटा मोडला. मग तो न्यूझीलंडला परतून नॉर्थ हार्बरकडून प्रांतीय स्पर्धा खेळला. २००७ च्या विश्वचषकासाठी पुन्हा ऑल ब्लॅक व्हायचे हे त्याचे ध्येय होते, परंतु सुपर १४ (सुपर १२ चेच पुढचे रूप) मधील एकाही संघाने त्याला करारबद्ध केले नाही आणि ती वाट बंद झाली. इथे करार मुख्यतः राष्ट्रीय संघटनेशी होतो, आणि देशात खेळत असाल तरच ऑल ब्लॅक्ससाठी विचार होतो. त्यामुळे फ्रान्स किंवा इंग्लंडमधला मोठा पैसा आणि काळी जर्सी यांपैकी एकाची निवड करावी लागते. पुढच्या काळात डॅन कार्टरसारख्या आघाडीच्या ऑल ब्लॅक खेळाडूला करार कायम ठेवून फ्रान्समध्ये एक हंगाम खेळण्याची सवलत मिळाली. १९९५ मध्ये मात्र अशा सोयी नव्हत्या. रग्बी लीग या तेरा-तेरा खेळाडूंच्या वेगळ्या प्रकारातल्या क्लबांकडून मागणी असतानाही लोमू न्यूझीलंडमध्येच राहिला.

पैशाबाबत फार आनंददायक उत्तर देता येत नाही. त्याच्या नावाचा व्हिडिओ गेम १९९७ मध्ये निघाला, जाहिराती मिळाल्या, परंतु सर्वाधिक कमाईची वर्षे आजाराने हिरावली. २०११ मध्ये प्रत्यारोपित किडनी निकामी झाली आणि तो पुन्हा डायलिसिसवर गेला. तशा अवस्थेतही २०१५ च्या विश्वचषकाच्या निमित्ताने तो इंग्लंडमध्ये कामे करत होता. तिथून परतल्यावर १८ नोव्हेंबर २०१५ रोजी ऑकलंडला त्याचे निधन झाले. वय ४० वर्षे. त्यानंतर खेळाडूंच्या संघटनेने त्याच्या दोन मुलांसाठी न्यास स्थापन केला. सर्वांत प्रसिद्ध खेळाडूच्या मुलांसाठी असा न्यास काढावा लागतो, यावरून पहिल्या व्यावसायिक पिढीकडे पैसा आला तरी त्याच्या नियोजनाची, विम्याची आणि निवृत्तीनंतरच्या आयुष्याची व्यवस्था किती अपुरी होती, ते कळते. रग्बीत करिअर करू पाहणाऱ्या आपल्याकडच्या मुलामुलींनी लोमूच्या आयुष्याचा हा भाग ट्रायच्या चित्रफितींइतकाच काळजीपूर्वक पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन.

सामना विचारलात, तर १५ जुलै २००० ची सिडनीची ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी पाहा. प्रेक्षक १,०९,८७४. पहिल्या काही मिनिटांतच न्यूझीलंड २४-० असे पुढे गेले आणि मध्यंतरापर्यंत ऑस्ट्रेलियाने २४-२४ अशी बरोबरी केली. अखेरच्या क्षणांत ऑस्ट्रेलिया ३५-३४ ने पुढे असताना टेन रँडेलने लोमूकडे पास दिला. डावीकडे सीमारेषेला लागून जेमतेम पावलापुरती जागा होती. स्टीफन लारकम आडवा आला, पण लोमू रेषेच्या आतून निसटला आणि ३९-३५ असा निकाल लागला. त्याच्या खेळाची नजाकत पाहायची असेल, तर केपटाउनच्या ट्रायपेक्षा हा ट्राय अधिक मोलाचा आहे, कारण यात धक्का देणे जवळपास नाहीच. तोल, वेग आणि रेषेचे भान एवढ्यावरच तो झाला आहे. पूर्ण सामना मिळाला तर तोच पाहावा, कारण पहिल्या मिनिटापासून दोन्ही संघ कसे खेळले, हे ठळक क्षणांच्या तुकड्यांतून कळत नाही.